विलाकोयोची शीर कुणी शोधली

इलारियोन जागा झाला तेव्हा रस्सा उकळत होता. थंडीत गोठवून सुकवलेल्या काळ्या बटाट्यांचा तो वास घरभर होता. कासिमिरा उंबऱ्यात बसून हातोडीच्या दांड्यात पाचर ठोकत होती.

"आज सभा आहे," ती म्हणाली. "अर्जात माझं नाव घालशील ना?"

"बघू."

"बघू म्हणजे काय? लग्न झाल्यापासून एकोणीस वर्षं बघतोयस."

तो हसला. तीही हसली. पण तिनं पाचर जरा जास्तच जोरात ठोकली.

काल्यापाता गावचे पुरुष ज्या खाणीत उतरत, तिच्यातलं कथील संपत आलं होतं. समोरचा विलाकोयो डोंगर मात्र अजून कुणी फोडला नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी सरकारनं तो राखीव केला होता. आत काय आहे, ते कधी काढायचं, कुणी काढायचं, हे सरकार ठरवणार. लोकांनी तिथं मेंढ्या चारायच्या, दगड उचलायचा नाही. आता इतक्या वर्षांनी सरकारनं कळवलं होतं की डोंगर उघडायचा आहे आणि खोदायचा हक्क गावच्या सोसायटीला मिळू शकेल. सभासदांची यादी हवी. आणि कथिलाची शीर, म्हणजे खडकातला कथिलाचा पट्टा, ज्यानं शोधली त्यानं इंजिनिअरसमोर जागेवर उभं राहून ती दाखवली पाहिजे.

शीर कासिमिरानं शोधली होती.

खाणीत नवरा मेला की त्याची जागा भावाला नाहीतर मुलाला मिळायची. विधवेला मिळायचा टाकाऊ दगडांचा ढीग. त्यावर बसून हातोडीनं दगड फोडायचे आणि कुठं कथिलाचा कण सापडला तर तो वेचायचा. कासिमिराचा बाप खाणीत मेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आईशेजारी बसून ती दगड शिकली आणि लग्नानंतरही ढिगावर जात राहिली. नुसता हातात घेतला तरी आत कथील आहे का ते तिला कळायचं. विलाकोयोच्या ओहोळात सरपण गोळा करताना तिला एक जड दगड लागला. तो कुठून वाहून आला हे शोधत ती तीन दिवस वर चढत राहिली आणि शिरेपाशी पोचली.

सभेत सोसायटीचा अध्यक्ष फ्रोइलान कागद पुढे ओढून म्हणाला, "शोधणाऱ्याच्या रकान्यात बाईचं नाव? अरे, डोंगर बाई आहे. दुसरी बाई आत आली की तिला सवत वाटते. शीर गिळून टाकते ती. आपल्या आज्यानं सांगितलंय, माझ्या मनचं नाही."

"पण सापडली तिलाच ना," इलारियोन हळूच म्हणाला.

"तुझीच बायको ना? मग तुझं नाव घाल. घरातल्या घरात राहील."

सगळे हसले. इलारियोननं आपलं नाव लिहिलं. ढिगावर दगड फोडणाऱ्या सात विधवांची नावं सभासदांच्या यादीत घालायची गोष्ट पुढच्या वर्षावर गेली.

घरी आल्यावर कासिमिरानं विचारलं, "कुणाचं लिहिलं?"

"माझं. म्हणजे आपलंच."

"आपलं म्हणजे तुझं," ती म्हणाली आणि त्याच्यापुढं ताट ठेवलं.

दोन दिवसांनी फ्रोइलाननं फर्मान काढलं. इंजिनिअर येऊन जाईपर्यंत एकाही बाईनं डोंगराच्या वाटेवरच्या चॅपेलच्या, त्या छोट्या चर्चच्या, पुढं वर पाऊल टाकायचं नाही, डोंगर नाराज व्हायला नको. बायकांचा ढीग चॅपेलच्या वरच होता. हे त्यांना सांगायचं काम इलारियोनवर आलं.

"खालच्या जुन्या ढिगावर बसा म्हणे," त्यानं सांगितलं.

म्हातारी गुमेर्सिंदा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सात विधवांत ती सगळ्यात मोठी. "खालचा ढीग बुडातून पोखरलाय. उंदीरसुद्धा तिथं बसत नाही. तुझ्या अध्यक्षाला पाठव बसायला."

"पंधराच दिवस, मावशी."

"पंधरा दिवसांत चूल विझत नाही होय रे?"

बायका हसल्या. कासिमिरा हसली नाही. "चला गं," ती म्हणाली. "मालकांचा हुकूम आहे." आणि हातोडी घेऊन सगळ्यांच्या आधी खाली उतरली. सगळ्यात पुढं गेली म्हणून ढिगाच्या पोटाशी बसायची जागा तिच्या वाट्याला आली.

चौथ्या दिवशी सकाळी ढीग घसरला. खाणीतले पुरुष फावडी घेऊन धावत आले. बाकीच्या बायका निसटल्या होत्या; कासिमिरा दुपारी सापडली, मेलेली. इलारियोन तिच्या चेहऱ्यावरची माती हातानं पुसत राहिला, पुसून झाली तरी पुसत राहिला. शेवटी फ्रोइलाननंच त्याला धरून उठवलं.

आठव्या दिवशी गेलेल्या माणसाचे कपडे नदीवर धुवायची रीत आहे. पाणी बर्फाचं होतं. इलारियोन तिचे घागरे दगडावर आपटत होता, गुमेर्सिंदा पिळत होती.

"मावशी, उद्या इंजिनिअर येणार," तो म्हणाला. "शीर दाखवायची आहे. मला जागा माहीत नाही."

"मला माहीत आहे. तिनं नेलं होतं मला."

"मग दाखव."

गुमेर्सिंदानं घागरा पिळून झुडपावर पसरला. "दाखवीन की. पण कुणाच्या नावानं दाखवू? तुझ्या?"

इलारियोननं पुढचा घागरा पाण्यात बुडवला. हात बधिर झाले होते, तरी तो धूत राहिला.

दुसऱ्या दिवशी सरकारी जीप चॅपेलपाशी थांबली. सगळे पुरुष जमले होते. विधवा लांब खाली उभ्या होत्या. इंजिनिअरनं कागद उघडला. "इलारियोन कोण? चला, दाखवा."

इलारियोन चॅपेलच्या पुढं चार पावलं चढला आणि थांबला.

"कुठल्याही काळ्या दगडापाशी उभा राहा," फ्रोइलान कानाशी पुटपुटला. "पुढचं मी बघतो."

"साहेब," इलारियोन म्हणाला, "शीर मी शोधली नाही. माझ्या बायकोनं शोधली. कागदावर खोटं लिहिलंय, आणि ते मी लिहिलंय."

"मग हा अर्ज बाद," इंजिनिअर म्हणाला. "डोंगर राखीवच राहील."

"अरे, तीस घरांच्या तोंडचा घास काढलास!" फ्रोइलान ओरडला. "मेलेल्या बाईसाठी?"

"ती जिवंत होती तेव्हाही मी काही केलं नाही, भाऊ." इलारियोन इंजिनिअरकडं वळला. "नवा अर्ज करता येईल?"

"आज संध्याकाळपर्यंत. जागा दाखवणारं माणूस हवं."

"बाई चालेल?"

इंजिनिअरला प्रश्नच कळला नाही. "न चालायला काय झालं? कायद्यात बाईला मनाई कधीच नव्हती."

पुरुष एकमेकांकडं बघू लागले. तेवढ्यात गुमेर्सिंदा चढ चढून आली. मागून बाकीच्या सहा जणी. फ्रोइलान आडवा आला. "मावशी, पाया पडतो. वर जाऊ नकोस. डोंगर शीर गिळेल."

"गिळायचं ते गिळून झालंय, बाबा," ती म्हणाली आणि त्याला वळसा घालून पुढं गेली.

तासाभरानं ती इंजिनिअरला घेऊन परतली. त्याच्या हातात शिरेचा तुकडा होता. जीपच्या बॉनेटवर नवा कागद पसरला. शोधणाऱ्याच्या रकान्यात इलारियोननं कासिमिराचं नाव सांगितलं.

"मयताचं नाव घालता येत नाही."

"शोधली तेव्हा ती जिवंत होती. तेव्हाची तारीख घाला."

इंजिनिअरनं पेनाचं टोपण काढलं. "वरचे लोक मान्य करतील असं सांगत नाही. पण लिहितो. कोणती तारीख?"

इलारियोननं गुमेर्सिंदाकडं बघितलं. त्याला तारीख ठाऊक नव्हती. ती हातात दगड घेऊन सांगत होती तेव्हा तो जेवत होता, आणि त्यानं मान वर करून पाहिलंही नव्हतं.

"सान हुआनच्या जत्रेनंतरचा तिसरा दिवस," गुमेर्सिंदा म्हणाली.

इंजिनिअरनं लिहिलं. मग सभासदांची यादी आली. सात विधवांनी अंगठे उमटवले. त्यांच्या खाली इलारियोननं सही केली आणि तो मागं वळला.

"आता सहीला कोण येतंय?"

कुणी हललं नाही. कुणी टोपी सारखी केली, कुणी खाली बघितलं. वारा सुटला होता. कागद उडू नये म्हणून इलारियोननं त्यावर तळहात ठेवला आणि तो तसाच, त्या माणसांकडं बघत उभा राहिला.