एका ट्रेची बदनामी

बेकरीवालीचा नियम होता: आलेली अंडी आधी पाण्यात टाकून बघायची. बुडालं ते ताजं, तरंगलं ते शिळं. अंडं जुनं झालं की आतला ओलावा कवचातून उडून जातो, त्या जागी हवा शिरते आणि अंडं हलकं होतं, हे तिला आईनं शिकवलं होतं.

त्या सकाळी पहिलंच अंडं बादलीत बुचासारखं वर आलं. दुसरंही वर. बघता बघता ट्रेमधली तीसच्या तीस अंडी डोकी वर काढून तिच्याकडे बघायला लागली. दुपारी एका लग्नाचा तीन मजली केक द्यायचा होता. तिचा पारा चढला. तिनं अंडीवाल्याला फोन लावला.

“दादा, ही अंडी कोंबड्यांनी कधी घातली? मी शाळेत असताना?”

वीस वर्षांत अंडीवाल्याला असं कुणी बोललं नव्हतं. दहा मिनिटांत तो हजर, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

“ताई, कालची अंडी आहेत!”

“मग पोहायला कधी शिकली?”

त्यानं एक अंडं बोटानं खाली दाबलं. सोडताच ते टुणकन वर आलं. त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं दुसरं उचलून बशीत फोडलं. बलक गोल, टपोरा, छाती काढून बसलेला. शिळ्या अंड्याचा असा रुबाब नसतो. दोघंही बुचकळ्यात पडली.

“अंड्यात खोट नाही, म्हणजे पाण्यातच आहे,” असं म्हणत त्यानं बादलीत बोट बुडवून चाटलं. “बाप रे! हा तर समुद्र!”

एवढ्यात तिचे सासरे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, अनवाणी पाय आपटत आत आले. “सूनबाई, माझी बादली कुणी नेली?”

“कसली बादली, बाबा?”

“पाय बुडवून बसायची! डॉक्टर म्हणाले मूठभर मीठ घाला. मी म्हटलं, मुठीनं काय होतंय? अख्खा पुडा ओतला. जरा फोन घ्यायला उठलो, तो अर्धा तास चालला, परत येतो तर बादली गायब!”

अंडीवाल्याचं बोट अजून तोंडातच होतं.

त्यानं नळाखाली चार वेळा चूळ भरली. ती पदर तोंडाला लावून हसली, मग ओशाळली. “दादा, चुकलं माझं. बादली कुणाची ते न बघता उचलली आणि तुमच्यावर तोंड टाकलं.”

साध्या पाण्यात तीच अंडी मुकाट तळाला गेली. सासऱ्यांना मात्र हे पटेना. “अंडं तेच, मग आधी का तरंगलं?”

“मिठानं पाणी जड होतं, काका,” अंडीवाला म्हणाला. “अंड्याएवढ्या जागेतलं पाणी अंड्यापेक्षा जड भरलं, की ते अंड्याला वर उचलून धरतं.”

सासऱ्यांनी लगेच एक अंडं तेलाच्या पातेल्यात सोडलं. बुडालं, तेल अंड्यापेक्षा हलकं. दुसरं साखरेच्या पाकात टाकलं, ते ऐटीत तरंगलं. तिसरं घेऊन ते दुधाकडे वळले, तशी सून ओरडली, “बाबा, केक राहिलाय!”

बादलीतली अंडी तिनं केकमध्ये घातली नाहीत. अंडीवाल्यानं आपणहून गाडीतून दुसरा ट्रे आणला, बाह्या सरसावल्या आणि अंडी फोडायला बसला. केक वेळेवर गेला. धुऊन उकडलेली ती अंडी सासऱ्यांनी आठवडाभर मिटक्या मारत खाल्ली, दुसऱ्या कुणीच हात लावला नाही.