सात कोटींचा न फुटणारा आकडा

आमगावचे खेमराज मास्तर शाळेतून निवृत्त झाले आणि दोन वर्षांत त्यांची नजर गेली. गणिताचा नाद मात्र सुटला नाही. विधवा होऊन माहेरी आलेली त्यांची मुलगी शामकला पाटी घेऊन समोर बसे आणि ते सांगतील ते भागाकार करी.

मास्तरांना आवड होती न फुटणाऱ्या आकड्यांची. बारा चिंचोके चार-चारच्या तीन ओळींत बसतात, म्हणजे बारा फुटतो. सात चिंचोके कसेही मांडा, सारख्या ओळी होत नाहीत. सात फुटत नाही.

१९३१च्या हिवाळ्यात त्यांनी तिला नवाच खेळ दिला. सातापुढे एकेक आकडा लिहीत जायचे, पण दर वेळी तयार होणारी संख्या न फुटणारी हवी. त्र्याहत्तर झाले, सातशे एकोणचाळीस झाले. कित्येक वाटा मध्येच बंद पडल्या. एकच पुढे पुढे जात राहिली आणि आठ आकड्यांवर येऊन पोचली: ७,३९,३९,१३३.

हा फुटत नाही हे ताडून पाहायला हजारावर भागाकार लागणार होते. धानाची मळणी उरकली, मोहफुले वेचून झाली, तरी शामकलेची पाटी चालूच होती. एका दुपारी, तीन हजारांच्या पुढच्या एका आकड्याने भागताना बाकी शून्य आली. तिचा हात थांबला.

"काऊन थांबली वो?" मास्तरांनी विचारले.

"फुटला, बाबूजी."

मास्तरांनी तोच भागाकार पहिल्यापासून मोठ्याने करायला सांगितला. एका गुणाकारात हातचा धरायचा राहिला होता. या खेपेला बाकी उरली, आणि शामकलेला एकदम रडू आले.

वैशाखात शेवटचा भागाकार झाला. आकडा फुटला नव्हता. त्यापुढे शून्य ते नऊ सगळे लावून पाहण्यात आणखी काही महिने गेले. प्रत्येक वेळी तो फुटला. वाट तिथेच संपत होती.

"हे कोणं ठरवलं असंल, बाबूजी?"

"कोणीच नाही. आपण नव्हतो तवाही हा असाच होता."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या जमुनाबाई आल्या. त्यांना अक्षर येत नव्हते. वर्षभर ही पोरगी काय करून राहिली, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. शामकलेने चिंचोके मांडून त्यांना फुटणे म्हणजे काय ते दाखवले. मग पाटीवर तो आकडा लिहिला, त्यांचे बोट धरून शेवटचा तीन झाकला आणि उरलेलाही फुटत नाही म्हणून सांगितले.

जमुनाबाईंनी आपणच त्याच्या आधीचा आकडा झाकला. "आता?"

"नाही फुटत."

आणखी एक झाकला. आणखी एक. दर वेळी त्या मान वर करून शामकलेकडे बघत, आणि ती नुसती मान हलवी. शेवटी तळहाताखालून एकटा सात तेवढा बाहेर राहिला. त्या कामाला निघाल्या होत्या, पण पाटीवरचा हात न उचलता तशाच बसून राहिल्या.