चार वाजून दहाची सलामी

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी भिंगरी उठायची. घड्याळ चुकेल, पण ती चुकायची नाही. उठली की आधी खिडकीशी जायची, मग बापाच्या उशाशी येऊन दोन बोटांनी त्याची पापणी वर उचलायची आणि आत वाकून बघायची.

"बाबा, आहेस का आत?"

"नाही," बाप म्हणायचा.

"मग बोललास कसा?"

चार वर्षांच्या पोरीपुढे वकिलाचंही काही चालत नाही, तिथे हा तर बस ड्रायव्हर. उठायचा, दिवा लावायचा, थोडा ओरडायचा, मग ओरडलो म्हणून वाईट वाटून दूध गरम करायचा. दूध प्यायल्यावर भिंगरीच्या अंगात वारं शिरायचं. ठोकळ्यांचा मनोरा रचायचा आणि पाडायचा, रचायचा आणि पाडायचा. खालच्या मजल्यावरचा माणूस झाडूच्या दांड्याने छत ठोकायचा.

दोन महिने हे असंच चाललं होतं. भिंगरीची आई नर्स. दोन महिन्यांपूर्वी तिला रात्रपाळी लागली. सकाळी साडेसातला ती यायची आणि हा कामावर निघायचा. दारात चपला काढण्या-घालण्यापुरती नवरा-बायकोची गाठ पडायची. संध्याकाळी घरी आला की स्वयंपाक, भांडी, पोरीचे कपडे, उद्याचा डबा. अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत साडेअकरा वाजायचे आणि चार वाजून दहाला पापणी उचलली जायची.

उपाय करून झाले नाहीत असं नाही. दुपारची झोप बंद केली, तर पोरगी संध्याकाळी रडरड करायची आणि पहाटे उठायची ती उठायचीच. उशिरा झोपवली, तरी तेच. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "उठली तर दिवा लावू नका, खेळू नका, बोलू नका. अंधारात पडून राहा." हे ऐकायला बरं. ज्याची पापणी कुणी उचलत नाही, त्याला सांगायला काय जातं! मग त्याने खिडकीला काळा कागद लावला, की उजेड आत यायला नको. पहाटे चारला कसला उजेड, हा विचार झोप झालेला माणूस करतो. कागदाचा खालचा कोपरा रोज फाटायचा, रोज तो चिकटपट्टी लावायचा. असेल वाऱ्याने, म्हणायचा.

त्या बुधवारी मात्र जे व्हायला नको ते होता होता राहिलं. दुपारची वेळ, बस निम्मी भरलेली, पुढे रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे. त्याला पट्टे दिसले, एवढं आठवतं. मग मागून कंडक्टरताईंची किंकाळी. त्याने ब्रेकवर पाय रोवला. बस थांबली तेव्हा काठी टेकत चाललेला एक म्हातारा काचेपासून दोन हातांवर उभा होता. म्हाताऱ्याने काठी उचलून बसच्या नाकावर एक टोला दिला आणि काही न बोलता पुढे गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली तशा कंडक्टरताई पुढे आल्या. बाई पन्नाशीच्या, जिभेला धार.

"काय हो ड्रायव्हरसाहेब, डोळे मिटून चालवायची नवी पद्धत निघाली का?"

"ताई, पोरगी झोपू देत नाही."

"माझी दोन पोरं मी अशीच वाढवली. पण माझ्या हातात तिकिटं होती, तुमच्या हातात चाळीस माणसं आहेत." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आज मी काही बघितलं नाही. पुन्हा झालं, तर मीच साहेबांपुढे जाईन. राग मानू नका."

चौदा वर्षं स्टिअरिंग धरलं, अंगावर एक ओरखडा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात त्याने बायकोला सांगितलं. "अगं, ठोकलीच होती बस. संपलंच होतं सगळं." बायको दाराची चौकट धरून उभी राहिली. भिंगरी मोजा पायात घालत खाली बसली होती. मोठ्यांना वाटतं, मोजा घालणाऱ्या पोराला कान नसतात.

पुढच्या आठवड्यात डेपोच्या कँटीनमध्ये पैलवान भेटला. पैलवान म्हणजे त्याच्याच बरोबर भरती झालेला ड्रायव्हर. देह दाराएवढा आणि आवाज लहान मुलासारखा. दोन महिन्यांपूर्वी त्याला पहाटेची पहिली बस मिळाली होती.

"तुझी पोरगी मोठी गोड आहे बघ," चहात बिस्कीट बुडवत तो म्हणाला. "रोज टाटा करते मला."

"तुला? कुठे?"

"अरे, खिडकीतून! तुझ्या घराखालून जाताना मी सलामी देतो ना? पँ-पँ. हळूच हो, कुणाची झोप मोडायला नको. ती काळा कागद वर करून हात हलवते."

ड्रायव्हरने कप खाली ठेवला. त्या डेपोत रीतच होती तशी. सोबत्याच्या घरावरून रिकामी बस नेताना दोनदा हॉर्न द्यायचा. आपला माणूस आत झोपलाय, रस्त्याने त्याला ओळख दिली पाहिजे. तो स्वतः पैलवानाच्या दारावरून जाताना वर्षानुवर्षं देत आला होता. आणि दिवसभर हॉर्न ऐकून ऐकून कान असे निबर झालेले, की उशाशी वाजला तरी ऐकू येऊ नये. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोन महिने तो पोरीचं जेवण, झोप, उजेड, वारा सगळं तपासत बसला होता.

"पैलवान, एक काम कर. उद्यापासून हॉर्न देऊ नकोस."

पैलवानाचं तोंड उतरलं. "माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही रे. पण नको."

"बरं," पैलवान म्हणाला. उरलेलं बिस्कीट त्याने खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला जाग आली ती पावणेसहाला. पापणी कुणी उचलली नव्हती. अंग कसं हलकं झालं होतं. कूस बदलून बघतो तर शेजारी अंथरूण रिकामं. भिंगरी खिडकीखाली स्टुलावर बसली होती. कागदाचा कोपरा तिच्या मुठीत होता आणि पाय बर्फासारखे गार पडले होते.

"कधी उठलीस गं?"

"मघाशी. तुझी बस आली नाही."

"माझी बस?"

"पँ-पँवाली." तिने वळून बघितलं. डोळ्यांत झोप नव्हती, पाणीही नव्हतं. एखादी मोठी बाई बघते तसं बघितलं. "ठोकली का?"

तिला जवळ घेऊन त्याने समजावलं, की ती बस काकांची. माझी बस डेपोत आहे, झोपली आहे.

"तू बघितलीस?"

"नाही, पण असते तिथेच."

"मग तुला काय माहीत?"

पुढच्या दिवशीही तेच, त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. आता ती त्याला उठवत नव्हती. चार वाजता उठायची आणि गुपचूप पहारा द्यायची. त्याची झोप पुरी व्हायला लागली, रस्ता पुन्हा स्वच्छ दिसायला लागला. कंडक्टरताई म्हणाल्या, "चेहऱ्यावर रंग आला हो!" आणि चौथ्या दिवशी बालवाडीच्या बाईंनी त्याच्या बायकोला थांबवून सांगितलं, पोरगी डबा उघडून तशीच झोपते. काल घसरगुंडीच्या शिडीवर झोपली. वरच्या पायरीवर. मी धरली म्हणून बरं.

बायकोने ते दारात सांगितलं तेव्हा तो बुटाची नाडी बांधत होता. बांधता बांधता हात थांबला.

"म्हणजे माझी झोप ती जागतेय," तो म्हणाला.

"अहो, पोर आहे. विसरेल."

"आणि तोवर? शिडीवरून पडली म्हणजे?" तो उठला. "हॉर्न परत सुरू करायला सांगतो. पण मग मी पुन्हा चारला उठणार, आणि मी उठलो की मला गाडीवर बसायचा अधिकार नाही."

"मग काय करणार?"

त्याने पिशवी खांद्याला अडकवली. तिने त्याचा डबा त्याच्या हातात दिला आणि हात लगेच सोडला नाही.

डेपोचे साहेब चष्म्यावरून बघत राहिले. "गाडी धुवायला? चौदा वर्षांचा ड्रायव्हर तू. लोक माझ्या पाया पडतात स्टिअरिंगसाठी. तू सोडायला आलास?"

"हो साहेब."

"कुणी तक्रार केली का?"

"नाही. व्हायच्या आत आलोय." मग म्हाताऱ्याची गोष्ट त्याने स्वतःच सांगितली. काठीच्या टोल्यासकट.

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. "हे मला लिहावं लागेल."

"लिहा."

"आणि किती दिवस?"

"पोरगी झोपेपर्यंत."

"असं कागदावर लिहिता येत नाही रे बाबा," साहेब म्हणाले आणि त्यांनी 'एक महिना' लिहिलं. पुढे गाडी परत मिळेल की नाही, ते त्यांनीही सांगितलं नाही आणि यानेही विचारलं नाही. बाहेर कंडक्टरताई उभ्या होत्या. नुसत्याच मान हलवून बसकडे गेल्या.

दुसऱ्या पहाटे तो चारच्या आधीच जागा होता. भिंगरी उठली, तसा तोही अंधारातच उठला. दिवा लावला नाही, ओरडला नाही, दूधही तापवलं नाही. काळा कागद त्याने पुरता काढून टाकला. दोघं काचेला नाक लावून उभे राहिले. कोपऱ्यावरून दोन दिवे वळले. पँ-पँ. आवाज अगदी हळू होता, अदबीने दार वाजवावं तसा. भिंगरीने हात हलवला. त्यानेही हलवला. केबिनमधून दाराएवढ्या माणसाने दोन्ही वेळा परत हलवला.

"आली," ती म्हणाली.

"आली ना? मग झोपायचं?"

ती अंथरुणात शिरली, कुशीवर वळली आणि पाच मिनिटांत तिचा श्वास जड झाला. दोन महिने तिला बहुधा एवढंच हवं होतं. दिवा आणि दूध आपणच पुढे केलं. हे त्याला कळलं, पण आता त्याचा आनंद मानावा की कपाळ बडवावं हे कळेना.

त्याने डोळे मिटले. झोप आली नाही. दूर चौकात एक हॉर्न वाजला. मग पुलाच्या बाजूने एक. चौदा वर्षं न ऐकलेले सगळे हॉर्न आता एकेक करून कानात शिरत होते, आणि प्रत्येकाला तो मनातल्या मनात विचारत होता, थांबली ना रे वेळेवर? सहा वाजता उठून त्याने गाडी धुवायचे रबरी बूट पिशवीत भरले. भिंगरी अजून झोपली होती.