कोपऱ्यातली गोगलगाय

मी एक जुना पांढरा फळा आहे. पांढरा म्हणायचं आपलं, मित्रांनो. खरं तर मी पिवळट झालो आहे आणि एका कोपऱ्याला पोपडाही आला आहे. पण मी आज रडगाणं गायला बसलेलो नाही. मी वैतागलो आहे, आणि का वैतागलो ते सांगणार आहे.

कारखान्यातून मी थेट एका कचेरीच्या बैठकीच्या खोलीत गेलो. तिथे माणसं माझ्यावर बाण काढत, माना डोलावत आणि चहा प्यायला निघून जात. आरामाची नोकरी होती. कचेरी दुसरीकडे हलली तेव्हा तिथल्या हिशेबनीसाने मला घरी आणलं आणि जेवणाच्या टेबलामागे ठोकलं. तेच या गोष्टीतले बाबा. त्यांची मुलगी तेव्हा लहान होती. तिला सगळे टिल्ली म्हणत. आता ती आईच्या डोक्यावरून बघते, तरी टिल्लीच.

टिल्लीने माझा खालचा कोपरा बळकावला, कारण तेवढाच तिच्या हाताला लागायचा. तिथे तिने एक गोगलगाय काढली. शाळेतून आली की दप्तर फेकून आधी माझ्याकडे यायची आणि गोगलगायीच्या पाठीवर नवं काहीतरी लादायची. कधी छत्री, कधी नळ, कधी इस्त्री. एकदा तर अख्खं जेवणाचं टेबल आणि त्यावर जेवणारे आईबाबा!

"अगं, मला एवढी जाडी काय काढलीस?" म्हणत आई हसून हसून बेजार झाली. हे काढायला टिल्लीला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याचे कोणी मार्कही देत नव्हतं. मला मात्र तिची वाट बघायची सवय लागली.

मग टिल्ली अकरावीत गेली आणि घरात कॉलेजप्रवेशाचं वारं शिरलं. पुढच्या वर्षी अर्ज, म्हणजे तयारी आत्तापासून! बाबांनी माझ्यावर रकाने आखले. सराव परीक्षा, शब्दसंग्रह, पोहणे, वृद्धाश्रमात सेवा. मामाचा फोन आला की आणखी एक रकाना.

"त्याच्या शेजारची मुलगी व्हायोलिन शिकतेय म्हणे," बाबा म्हणाले. झालं! आलं व्हायोलिन. टिल्लीला पोहायला मनापासून आवडायचं. रकान्यात गेल्यापासून ती पोहायला निघतानाही तोंड वाकडं करते. गोगलगाय तेवढी अंग चोरून टिकून होती.

परवा बाबा कुठलंसं भाषण ऐकून आले. कॉलेजांना म्हणे नुसते मार्क नकोत, मुलांना मनापासूनची एखादी आवड हवी. बाबांनी माझ्यावर मोकळी जागा शोधली. उरली होती कुठे? त्यांनी फडकं घेतलं आणि गोगलगाय पुसून टाकली, छत्रीसकट, नळासकट. तिथे लिहिलं, 'आवड शोधणे, रविवार ४ ते ५.'

अहो, मी मनातल्या मनात ओरडलो! पण फळ्याचं ऐकतो कोण? त्यात घाईत पेनही खोक्यांवर नावं घालायचं घेतलं, न पुसलं जाणारं. टिल्ली घरी आली, तिने पाहिलं, आणि तशीच क्लासला गेली.

काल प्रवेशाच्या सल्लागार बाई आल्या. त्यांनी सगळे रकाने वाचले. "हे ठीक आहे. पण ही मुलगी कोणी न सांगता काय करते?"

बाबांनी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे.

"करायचे," टिल्ली म्हणाली. "तिथे कोपऱ्यात. बाबांनी पुसलं."

"अगं, त्या तर नुसत्या रेघोट्या..." बाबा बोलता बोलता थांबले. त्यांनी आपलीच अक्षरं पुन्हा वाचली.

बाई गेल्यावर बाबांनी ओलं फडकं घासलं, साबण लावला, नखांनी खरवडलं. मला पोपडा आला, अक्षरं काही निघेनात.

"असं नाही निघत, बाबा. त्याच्यावरून फळ्याचं पेन गिरवा, मग पुसा."

बाबांनी मान खाली घालून एकेक अक्षर गिरवलं आणि पुसलं. कोपरा मोकळा झाला. त्यांनी पेन टिल्लीपुढे धरलं. "काढ ना गं, तुझी गोगलगाय."

टिल्लीने घड्याळ पाहिलं. "आत्ता नको. व्हायोलिन आहे."

मित्रांनो, पुसलं जाण्याचं मला दुःख नाही, तो माझा धंदाच आहे. पण तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर मोठ्यांना सांगा, फडकं मारण्याआधी कोपऱ्यात काय आहे ते बघा आणि ज्याचं आहे त्याला विचारा. माझा कोपरा आज अगदी स्वच्छ आहे. मला तो बघवत नाही.