मेन पाडल्यावर

लेकीच्या बाळंतपणासाठी चार महिने जायचं म्हणून फिटरने आठवडाभर आधीपासूनच घर बंद करायला घेतलं होतं. फ्रिज रिकामा करून, पुसून, दार बोटभर उघडं ठेवलं. गॅसचा रेग्युलेटर काढला. टाकीचा कॉक आवळून नळ कोरडे केले. तीस वर्षं कारखान्यातली मशिनं सांभाळलेला माणूस. त्याच्या कामात बायकोने नाक खुपसलेलं त्याला खपत नसे.

"विजेची मेन तेवढी चालू ठेवा," धाकटी दोनदा म्हणाली होती. ती त्याची बायको; सासरची धाकटी सून, म्हणून अजूनही सगळे तिला धाकटीच म्हणत. "बाहेरचा दिवा लागायला हवा."

"बघतो," एवढंच तो म्हणाला होता.

स्टेशन जवळ आल्यावर तो टॅक्सीत हुश्श करून टेकून बसला. "तू टॅक्सीत बसलीस ना, तेव्हा मेन पाडून आलो. आता घराचा काही घोर नाही."

धाकटी ताडकन पुढे सरकली. "टॅक्सी मागे वळवा," ती चालकाला म्हणाली.

"डोकं फिरलंय का? अर्ध्या तासात गाडी सुटेल."

"दादांचं ऑक्सिजनचं मशीन आपल्या लाइनवर आहे."

दादा म्हणजे फिटरचा सख्खा थोरला भाऊ. भिंतीला भिंत लागून घर, आणि मागच्या बोळावरून सात वर्षं अबोला.

"परवा त्यांची वायर जळाली. वायरमन उद्या येणारे. जाऊबाई रडकुंडीला आल्या होत्या. मी मागच्या खिडकीतून वायर दिली."

"आणि मला बोलली नाहीस."

"बोलले असते तर देऊ दिली असतीत?"

त्याने पुढे वाकून चालकाच्या खांद्याला हात लावला. "वळवा."

धाकटी फोन लावत राहिली. जाऊबाईंचा बंद होता. दादांच्या फोनची रिंग जात होती, उचलत कोणी नव्हतं. चौकात ट्रक आडवा आला तेव्हा फिटर अर्धा दरवाजा उघडून उतरायला निघाला. तिने त्याची बाही धरून ठेवली.

कुलपात किल्ली दोनदा चुकली. त्याने मेन वर केली आणि मागच्या दाराने तसाच भावाच्या घरात शिरला. दादा खाटेच्या कडेला बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. ओठ निळसर. फोन खाली पडून वाजत होता. फिटरने गुडघ्यावर बसून मशीनचं बटण दाबलं. घरघर सुरू झाली. नळी नीट करून त्याने भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि श्वास मोजत राहिला. वेळ लागला. बराच.

"वहिनी कुठंय?"

"औषध... आणायला." मग थोड्या वेळाने, "गाडी चुकेल तुझी."

"चुकली. बोलू नकोस."

जाऊबाई आल्या, दिराला पाहून उंबऱ्यातच थबकल्या. कोणी काही विचारायच्या आत धाकटीने त्यांना सगळं सांगून टाकलं. 

फिटरने टॅक्सीतल्या बॅगा उतरवल्या आणि टेस्टर घेऊन भावाच्या मीटरजवळ गेला. संध्याकाळपर्यंत जळकी वायर बदलून झाली. बोळाचा विषय कोणी काढला नाही.

तिसऱ्या दिवशी फिटर आणि धाकटी निघाले. नळी पुरली तिथवर, दारापर्यंत, दादा आले.

"पोचलास की फोन कर," ते म्हणाले. "तिला नको सांगूस करायला. तू कर."

फिटरने खिशातून फोन काढला आणि नंबर विचारून घेतला.