एकविसाव्या पानावरची खूण

मानसी आमच्या वाचनालयात आली ती दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि ते लुकलुकणारं वायफायचं डबडं घेऊन. तेव्हापासून माझं पित्त खवळलेलं आहे. लोक म्हणतात, सविताताई, तुम्ही तिच्यावर जळता. जळते. खोटं कशाला बोलू?

खंडाळ्याच्या या वाचनालयाची ग्रंथपाल मी. पावसाळ्यात इथे भिंतींना पाझर फुटतो. कपाटांत बल्ब पेटते ठेवून, डांबराच्या गोळ्या घालून मी ही पुस्तकं बुरशीपासून जपली, पोटच्या पोरांसारखी. आणि आता लोक आत येतात, माझ्या टेबलावरून सरळ पुढे जातात आणि मानसीपुढे रांग लावतात. बंगल्यावरच्या माळीबुवांना सातबारा हवा, हॉटेलात काम करणाऱ्या बायांना कसल्या कसल्या योजनेचं केवायसी हवं, ड्रायव्हरांच्या पोरांना पोलीस भरतीचा फॉर्म. एखादा पर्यटक माझ्यापाशी थांबलाच, तर वायफायचा पासवर्ड विचारायला. पुस्तकाचं नाव कोणी काढत नाही. आणि मानसी सगळ्यांना दादा-मावशी करत हसत असते. सातबाऱ्यात इतकं हसण्यासारखं काय असतं, देव जाणे.

हेही मी गिळलं असतं. पण तिने माझी शकुमावशी पळवली.

शकुमावशी म्हणजे माझी शेवटची खरी वाचक. तिचा नवरा केरबा रेल्वेत गँगमन होता, घाटात रूळ तपासायचा. तोही पुस्तकं न्यायचा. यायचा, न्यायचा, जायचा. त्याचा आवाज कसा होता हे मला सांगता येणार नाही. तो वारल्यावर मावशी कुरवंड्याला एकटीच राहते. दर गुरुवारी जीपने खाली यायची, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसायची आणि म्हणायची, "काढ गं कायतरी." मी कादंबऱ्यांच्या कपाटातून चार-पाच पुस्तकं काढून पुढ्यात ठेवायचे. ती एकेक उघडून बघायची आणि एक पिशवीत टाकायची. मग एका चहात आम्ही दोघी. माझी निवड तिला पटते, याचा मला केवढा तोरा होता!

तिची एक खोड मात्र मला खपायची नाही. वाचून झालेल्या पुस्तकात एकविसाव्या पानाच्या कोपऱ्यात ती पेन्सिलीने टिंब द्यायची. तेच पुस्तक पुन्हा घरी जाऊ नये म्हणून जुन्या वाचकांना ही सवयच असते. कोणाची फुली, कोणाचं आद्याक्षर, कोणाची चांदणी. आमचं एकही पुस्तक त्यातून सुटलेलं नाही. "पुस्तकांवर खुणा करू नयेत" ही लाल अक्षरांतली पाटी मीच लावली आहे. वेळ मिळाला की मी रबर घेऊन बसते. मावशी त्या पाटीखाली बसून खुशाल टिंब द्यायची.

मग तिला काचबिंदू निघाला. अक्षर दिसेना. मी म्हटलं, "मावशी, काळजी करू नका, मी वाचून दाखवेन." ती बरं म्हणाली. आणि पुढच्याच गुरुवारी आली ती माझी खुर्ची ओलांडून मानसीकडे गेली! मानसीने तिच्या फोनमध्ये काहीतरी भरलं, कानात वायर खुपसली, आणि मावशी डोळे मिटून पुस्तक ऐकू लागली.

"लय झ्याक वाचती गं ही बाई," ती तिथूनच ओरडली. कानात वायर, त्यामुळे आख्ख्या वाचनालयाने ऐकलं. मी हसले. म्हणजे दात दाखवले.

त्यानंतर दर गुरुवारी दोघी कादंबऱ्यांच्या कपाटापाशी जायला लागल्या. मानसी पुस्तक काढायची, उघडायची, मावशीच्या कानाशी कुजबुजायची, परत ठेवायची. कधी दोघी खुदकन हसायच्या. मी जवळ गेले की गप्प. माझ्याच कपाटापाशी, माझ्याच वाचकाशी हिचं गुलूगुलू, आणि मी आपली वर्तमानपत्रं लावत बसलेली. घरी भाकरी थापतानासुद्धा मला ते हसणं ऐकू यायचं. दोन भाकऱ्या करपल्या.

अशात समितीची बैठक झाली. भरतीच्या पोरांना अभ्यासाला टेबलं हवीत, जागा नाही, एक कपाट काढावं लागेल, असं सचिव कैलासभाऊ म्हणाले. "कुठलं काढायचं, ते ताई तुम्हीच—"

"कादंबऱ्यांचं," मी त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "कोण वाचतं आता? फोन आहेत ना सगळ्यांकडे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मानसी तिथे नव्हती. बरंच झालं.

गठ्ठे मी स्वतः बांधले. सुतळी इतकी आवळली की बोटांना वळ उठले. ज्या पुस्तकांना मी वीस पावसाळे जपलं, त्यांना रद्दीत घालताना डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आलं नाही. मानसी त्या रिकाम्या कपाटाकडे बघून कशी उभी राहील, एवढंच मला दिसत होतं. रद्दीवाला भिमाजी दुपारी टेम्पो घेऊन येणार होता. वार गुरुवार. तोही मीच ठरवलेला.

मानसी मावशीचा हात धरून आली आणि थबकलीच. "ताई, हे काय?"

"तुझ्याच पोरांना बसायला जागा," मी म्हटलं.

मावशीने हात पुढे केला. रिकाम्या फळीवरून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. मग खालच्या फळीवरून.

"कुटं गेली?"

"गठ्ठे बांधलेत मावशी. रद्दीत जातील. तुम्हाला काय आता, तुमची बाई आहे ना कानात."

मावशी चाचपडत एका गठ्ठ्यावर टेकली. "सविता," ती म्हणाली, "केरबाची खूण हाय गं त्यात."

मला कळेना. मानसीने माझ्याकडे न बघता एक गठ्ठा सोडला, पुस्तक काढलं आणि एकविसावं पान उघडून माझ्यापुढे धरलं. कोपऱ्यात मावशीचं टिंब. त्याला खेटून एक उभी रेघ, वर आडवा हात. रेल्वेचा सिग्नल. किती वेळा बघितला होता मी तो. कोण्या पोराचा चाळा समजून किती वेळा रबराने पुसलाही होता.

"घरात बोलायचा न्हाई," मावशी सांगू लागली. "ड्युटीवरनं यायचा, जेवायचा, पुस्तक घिऊन बसायचा. लय गप मानूस. असं काय वाचतोय की बोलायची गरजच पडंना, ते मला बगायचं व्हतं. तो गेल्यावर मी त्याच्या खुणंचं येकेक वाचाया लागले. वाचलं की त्याच्याशेजारी माझं टिंब. आता दिसत न्हाई, तर ही पोर त्याची खूण हुडकून देती आन् तेच फोनात लावती. ऐकलं की हितं यिऊन टिंब देते."

मी मानसीच्या हातातून ते पुस्तक घेतलं. "म्हणजे मी पुस्तकं काढून द्यायचे, ती..."

"तू पाच काढायची. त्याची खूण आसंल ते मी न्यायची."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला?" ती हसली. "पाटी कुनाची? रबर घिऊन कोन बसतंय?"

बाहेर भिमाजीने हॉर्न दिला. कैलासभाऊ आत आले, "चला ताई, उचलू द्या." मी म्हटलं, गठ्ठे जाणार नाहीत. ते म्हणाले, मग टेबलं कुठे मांडायची, माझ्या डोक्यावर? मी इकडे तिकडे बघितलं. वाचनालयात सगळ्यात जास्त जागा माझं टेबल खात होतं. त्यावर कामाचं काय होतं? एक रबर, एक चहाचा डाग.

"हे न्या," मी म्हटलं. चौघांनी मिळून ते टेम्पोत चढवलं.

आता मी मानसीच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसते. तिच्यावरची माझी जळजळ गेलेली नाही, उगीच थापा कशाला मारू. पण पुस्तकं परत लावताना एक पातळ कादंबरी निघाली, मुखपृष्ठ कधीच गळून पडलेलं. एकविसाव्या पानावर सिग्नल होता, टिंब नव्हतं. मानसीने फोनवर बराच वेळ शोधलं. "हे नाही हो ताई. कुठेच नाही."

इतका आनंद मला माझी नोकरी पक्की झाली तेव्हा झाला नव्हता.

तीन-चार गुरुवार मी वाचत होते. रांगेतल्या बायाही कागद हातात धरून ऐकत थांबायच्या. "वाईच दम खा की," मावशी मला टोकायची. "फोनातली बाई कशी थांब म्हटलं की थांबती." मी थांबायचे. कादंबरीत फारसं काही नव्हतं. एक माणूस गाव सोडतो आणि परत येतो, एवढंच. पण मावशी मान पुढे काढून ऐकत होती, पलीकडे कोणी हळू आवाजात बोलतंय आणि तिला तेच ऐकायचं आहे, अशी.

शेवटचं पान संपलं. मावशीने हात पुढे केला.

माझ्याच पाटीखाली बसून मी पेन्सिलीला टोक केलं. एकविसावं पान उघडलं, पेन्सिल तिच्या बोटांत दिली आणि तिचा हात धरून सिग्नलच्या पायथ्याशी नेला. तिने टिंब दिलं. जरा जास्तच दाबून दिलं, कागदाला खळगा पडला. त्या दोन खुणा एकमेकींना खेटून बसल्या आणि माझ्या छातीत अशी कळ आली की मानसीवर मी आजवर जळले ते काहीच नव्हे. माझ्या आयुष्यात कोणी माझ्यामागून असं वाचत आलेलं नाही.

"लागलं का गं बरुबर?" मावशीने विचारलं.

"लागलं," मी म्हटलं.