कानसेन मिस्त्री

चढावाच्या तिसऱ्या वळणावर तापमानाच्या काट्याने लाल रेषा ओलांडली, तशी मिस्त्रींनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. सीटच्या मागच्या जाळीतून वाफेचा पांढरा लोट उठला. भर दुपार होती. आसपास झाड नाही, माणूस नाही. मिस्त्री उतरले, मैलाच्या दगडावर बसले आणि त्या बसक्या, निळ्या, दोघांपुरत्या स्पोर्ट्स कारकडे बघत राहिले. तिनेच आता तोंड उघडून काय दुखतंय ते सांगावं, असं त्यांना झालं होतं.

पाच दिवसांतली ही तिसरी खेप. करायचं काय बाकी ठेवलं होतं त्यांनी? जुना पितळी रेडिएटर काढून दुप्पट जाडीचा ॲल्युमिनियमचा बसवला. एका पंख्याच्या जागी दोन लावले आणि वारा आजूबाजूने निसटू नये म्हणून पत्रा कापून, वाकवून त्यांच्याभोवती आवरण केलं. पंप नवा, थर्मोस्टॅट नवा, पाण्याचे सगळे रबरी होज नवे. एवढ्या सामानात ट्रक थंड राहिला असता. ही मूठभर गाडी मात्र अर्धा डोंगर चढली की उकळत होती.

गाडी दातांच्या डॉक्टरीणबाईंची. खरं तर त्यांच्या भावाची. दरवर्षी या डोंगरावर चढाईची शर्यत व्हायची. भाऊ चालवायचा, बाई शेजारी बसून वळणं सांगायच्या. भाऊ गेला, गाडी राहिली. गेल्या वर्षी बाई एकट्याच शर्यतीत उतरल्या आणि निम्म्या वाटेत गाडी उकळली. सगळ्या लोकांदेखत दोरीने ओढत खाली आणावी लागली. मोठमोठ्या वर्कशॉपवाल्यांनी हात वर केले, तेव्हा कुणीतरी त्यांना म्हणालं, कानसेन मिस्त्रींकडे न्या.

हे नाव गिऱ्हाइकांनीच पाडलं होतं. गाडी फाटकातून आत येते न येते तोच मिस्त्री गाड्यांखालच्या खड्ड्यातून ओरडून सांगायचे, "दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बोलतोय." उघडून बघावं तर तसंच निघायचं. पण अलीकडे कुठेतरी बिनसलं होतं. एका टॅक्सीवाल्याची गाडी त्यांनी ठणठणीत म्हणून दिली आणि आठवड्यात तिचं बेअरिंग फुटलं. "अहो, रस्ताभर किंचाळत होतं ते. तुम्हाला कळलं कसं नाही?" असं म्हणून टॅक्सीवाला जो गेला, तो परत फिरकला नाही. त्याच्यामागून आणखी दोघं गेले. "हल्लीची इंजिनंच मुकी झालीत," मिस्त्री बायकोला म्हणायचे. त्यावर ती मोठ्याने म्हणायची, "असतील."

तासाभराने इंजिन निवलं. मिस्त्रींनी कॅनमधलं पाणी ओतलं आणि गाडी उताराने हळूहळू खाली सोडली.

बायको फाटकातच उभी होती. गॅरेजचा फोन, पावत्या, गिऱ्हाइकांशी बोलणं असं सगळं गेलं वर्षभर तिच्याकडे होतं. गाडीच्या कडेला सुकलेले पाण्याचे ओघळ तिने बघितले.

"डॉक्टरीणबाईंचा फोन होता," ती म्हणाली.

"काय?"

"फोन होता. उद्या सकाळी दहाला येतायत गाडी न्यायला. परवा शर्यत आहे."

"मग तू काय सांगितलंस?"

"या म्हटलं."

"या म्हटलंस? आणि देऊ काय त्यांच्या हातात? हे उकळतं पातेलं?"

मिस्त्रींनी भिंतीवरचे मोठे पाने काढले आणि एकेक करून फडक्यावर मांडायला लागले. "इंजिनाच्या हेडला तडा असणार. नाहीतर त्याखालचं गॅस्केट गेलंय. दुसरं काही उरतच नाही."

"हेड उतरवलं तर उद्यापर्यंत होईल?"

"नाही होणार."

"मग?"

"मग नाही होणार. सांगितलं ना." त्यांच्या हातातला पाना खाली पडला. तो उचलायला ते वाकले आणि तसेच उकिडवे बसून राहिले. "हातातलं गेलं माझ्या," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "काल धंद्यात उतरलेल्या पोराला सापडलं असतं ते मला सापडत नाहीये. त्या बाईने भावाची गाडी विश्वासाने आणून दिली. तिला काय तोंड दाखवू?"

बायको त्यांच्या शेजारी टेकली. पाठीवर हात ठेवावा की नाही, हे तिला ठरवता येईना. शेवटी म्हणाली, "उघडायच्या आधी एकदा शेवटचं चालू करून बघा. मी किल्ली फिरवते."

कुणीतरी काहीतरी करायला सांगितलं, एवढ्यानेच मिस्त्री उठले. गॅस्केट गेलं असेल तर मागच्या पाण्याच्या टाकीत बुडबुडे दिसतील, तेवढं तरी बघू, म्हणून ते इंजिनावर वाकले. बायको कशीबशी त्या खोल सीटमध्ये शिरली, आणि तिने त्यांच्या सांगण्याप्रमाणे हीटर पुरता उघडून किल्ली फिरवली.

टाकीत एकही बुडबुडा नव्हता. मिस्त्री वाट बघत राहिले. तेवढ्यात समोर बायको येऊन उभी राहिली. ती केव्हा उतरली, केव्हापासून हाका मारत होती, त्यांना पत्ता नव्हता.

"अहो, आत पाणी वाजतंय."

"कुठे?"

"समोरच्या काट्यांच्या फळीमागे. घागर भरताना होतं ना, तसं. गुळगुळ, गुळगुळ."

"काहीतरीच. हवा अडकली असती तर मला पहिल्याच दिवशी ऐकू आली असती. पाणी भरल्यावर मी कान लावून बघितलंय." रेडिएटरवरचा स्क्रू सैल करून त्यांनी हवा काढली होती, नंतर सगळीकडे कान लावला होता, आणि कुठे काही वाजत नाही म्हणजे हवा नाही, असं धरून चालले होते. तीस वर्षं त्यांची हीच परीक्षा होती आणि ती कधी चुकली नव्हती.

"तुम्ही आत तर बसा."

मिस्त्री बसले. फळीला कान टेकवून त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ गेला.

"थांबलं वाटतं," ते म्हणाले.

"नाही हो," बायको दारातून वाकून म्हणाली. "आता तर जोरात येतंय."

मिस्त्रींनी तिच्या तोंडाकडे बघितलं. मग फळीखाली हात घालून हीटरच्या नळीवर तळवा टेकवला. नळी आतून थरथरत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा थरथरत होती. त्यांनी हात काढला नाही. गाडीला काय झालंय ते त्यांना कळलं, आणि आपल्याला काय झालंय तेही त्याच क्षणी कळलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"वर्ष होऊन गेलं."

"आणि तू बोलली नाहीस."

"फोन मी घ्यायला लागले. तुमच्या उजव्या बाजूने चालायला लागले. त्या कानाला जरा बरं येतं तुम्हाला."

"फसवलंस मला तू."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?" तिचा आवाज चढला होता, पण तो त्यांना ऐकू यावा म्हणून की रडू आवरावं म्हणून, कोण जाणे. "दुसऱ्या दिवशी गॅरेजला कुलूप लावलं असतंत. आणि मग घरात बसून माझ्याकडे बघत राहिला असता."

मिस्त्री गाडीतून उतरले. ते म्हणाले, "बस आत. आवाज गेला की सांग."

हीटरच्या नळीच्या सगळ्यात उंच वळणात हवेचा फुगा बसला होता. इंजिन मागे, रेडिएटर पार पुढे नाकात. मधल्या लांबलचक वाटेत पाणी त्या हवेशी अडून बसायचं आणि गरम पाणी नव्या रेडिएटरपर्यंत नीट पोचायचंच नाही. इंजिन पुरतं निवू दिल्यावर मिस्त्रींनी त्या वळणावरची, नळी आवळणारी पट्टी सैल केली आणि ओलं बोट फटीपाशी धरलं. बोटाला वारा लागला. मागून टाकीत पाणी ओतलं, तसं फटीतून थुंकत थुंकत पाणी आलं. पट्टी आवळून त्यांनी इंजिन चालू करायला सांगितलं.

"आहे अजून," बायको म्हणाली.

पुन्हा बंद केलं, निवू दिलं, पुन्हा पट्टी सैल केली.

"आता?"

"कमी झालंय. पण आहे."

चौथ्या खेपेला ती बराच वेळ मान खाली घालून बसली. "आता नाही. नुसतं इंजिन."

"नक्की?"

"नक्की."

मिस्त्रींनी आयुष्यात कुणाच्या शब्दावर इंजिनाचं झाकण लावलं नव्हतं. त्या दिवशी लावलं.

ऊन उतरायच्या आत दोघं डोंगरावर गेले. तिसरं वळण गेलं, चौथं गेलं, माथा आला. काटा मधोमध होता, कुणी खिळा मारून ठेवल्यासारखा. माथ्यावर उतरून मिस्त्रींनी गाडीच्या नाकापुढे हात धरून पंख्यांचा वारा घेतला. आनंद व्हायला हवा होता. बायको तेवढ्यासाठीच त्यांच्याकडे बघत होती. पण ते नुसते उभे होते, वाऱ्यात हात धरून.

परतताना ते म्हणाले, "काय काय वाजतंय, सांग मला."

तिला सुरुवातीला नेमकं सांगता येईना. मग ती मोठ्याने सांगत गेली. मागे एकसारखी घरघर आहे. गिअर बदलला की ती खाली जाते, पुन्हा चढते. चाकाखाली खडी आली की कडकड होते. तुमच्या बाजूची काच जरा खडखडतेय. मिस्त्री रस्त्यावर डोळे ठेवून सगळं ऐकून घेत होते.

सकाळी दहाला डॉक्टरीणबाई आल्या. मिस्त्रींनी त्यांना नवा रेडिएटर, पंखे, आवरण, सगळं दाखवलं. बाईंनी किल्लीसाठी हात पुढे केला. मिस्त्रींनी ती दिली नाही.

"बाई, गाडी थंड राहतेय. माथ्यापर्यंत जाऊन आलो. पण एक सांगायचं राहिलंय. मला ऐकू येत नाही. शर्यतीआधी धड कान असलेल्या कुणाकडून तरी इंजिन एकदा ऐकून घ्या. माझ्या भरवशावर वर जाऊ नका."

बाईंनी हात मागे घेतला. "मग दोष सापडला कसा?"

"हिने ऐकला."

बायकोने पदराला हात पुसले. तिला कुठे बघावं कळेना. बाईंनी मिस्त्रींच्या हातातून किल्ली घेतली, आणि त्यांच्या समोर उभं राहून, ओठ सावकाश हलवत त्या म्हणाल्या, "आमच्या दादाला असं कबूल करायला कधी जमलं नाही. ऐकून घेते मी कुणाकडून तरी." मग त्या गाडीत बसल्या. शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा त्यांनी नीट लावून ठेवला आणि निघाल्या.

मिस्त्री रस्त्यापर्यंत आले. बायको त्यांच्या उजव्या हाताला येऊन उभी राहिली. निळी गाडी चढाला लागली आणि वळणाआड गेली.

"गेली?"

"येतोय अजून आवाज," ती म्हणाली. "वरच्या वळणावर असेल." थोडा वेळ ती डोंगराकडे कान लावून उभी राहिली. "आता मलाही नाही येत."

मिस्त्रींनी मान डोलावली. आत जाऊन त्यांनी फडक्यावर मांडलेले पाने एकेक करून पुसले आणि भिंतीवर, ज्याच्या त्याच्या खिळ्याला लावले.